ग्रंथालयात रोजच्या जगण्यासाठी एक कपाट हवे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

मे महिना उजाडला की आपल्या वृत्तपत्रात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या साठ्याची चौकट नियमाने छापून येऊ लागते आणि माझ्यासारखे अनेक वाचक अग्रलेखाआधी ती पाहतात. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी हे सातही तलाव काठोकाठ भरले तर त्यांत सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावते. शहराला रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पुरवठा करावा लागतो. आणि पाऊस लांबला की कपात लागू होते, जशी ती जून २०२४ मध्ये १० टक्क्यांची झाली होती. ती चौकट वाचून झाल्यावर घरातल्या माणसाने नेमके काय करायचे, हे सगळे वृत्तपत्राने सांगावे अशी अपेक्षा नाही. ते काम सार्वजनिक ग्रंथालयाचे आहे. मी एका उपनगरातील शासनमान्य ग्रंथालयात ३१ वर्षे काम करून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. पाण्याविषयी, मुलांविषयी, मनाच्या विश्रांतीविषयी सामान्य कुटुंबाला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आपल्या ग्रंथालयांत बऱ्याच अंशी असतात, पण ती मागणाऱ्याच्या हाती लागत नाहीत, ही खंत इतकी वर्षे मनात आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या एक तरुण सभासद होत्या. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा कडेवर आठ महिन्यांचे बाळ होते, सासू-सासरे गावी, यजमान पाळीत कामाला. बाळाच्या खाण्याविषयी आणि झोपेविषयी मराठीत एखादे भरवशाचे पुस्तक त्यांना हवे होते. वर्षभराने नोकरीवर रुजू झाल्यानंतर त्या एका संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीशी थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, रात्री झोपच लागत नाही, डोक्यात सतत काहीतरी चालू असते, वाचण्यासारखे काही आहे का?" तिसऱ्या वेळी, एका पाणीकपातीच्या उन्हाळ्यात, गॅलरीतली तुळस आणि कढीपत्ता वाचवता येईल असे काही मिळेल का, असे त्यांनी विचारले. तिन्ही वेळी मी त्यांना एकेक पुस्तक काढून दिले. तिन्ही वेळी आमच्याकडे त्या विषयावर आणखी चार-पाच तरी पुस्तके होती, आणि ती मला त्या क्षणी आठवली नाहीत. त्या तक्रार न करता निघून गेल्या. ती चूक माझीच होती. ती का होते, याचा विचार मी पुढे बराच केला.

कारण समजायला सोपे आहे. आपली अनेक ग्रंथालये ड्यूई दशांश वर्गीकरणाने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक क्रमांक (वर्गांक) देऊन, पुस्तके लावतात. ही पद्धत १८७६ पासूनची आहे आणि अभ्यासकासाठी ती फार उपयोगी आहे, कारण ती ज्ञानाच्या शाखांप्रमाणे मांडणी करते. घरातली अडचण मात्र शाखा पाहून येत नाही. बालसंगोपन ६४९ मध्ये, बालमानसशास्त्र १५५ मध्ये आणि बालरोग ६१८ मध्ये जाते, म्हणजे एकाच बाळाच्या आईने तीन कपाटे धुंडाळायची. विश्रांतीचे तर याहून अवघड आहे: योगाचे तत्त्वज्ञान १८१ मध्ये, आसने-प्राणायाम ६१३ मध्ये, ताण आणि मनःस्वास्थ्य १५५ किंवा १५८ मध्ये, निद्रानाश ६१६ मध्ये. बागकाम ६३५ मध्ये आहे, पण पाणी ही नैसर्गिक संपत्ती ३३३ मध्ये आणि पाणीपुरवठा ६२८ मध्ये. शिवाय अनेक ठिकाणी कपाटांना कुलूप असते. सभासद तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, पाहून चिठ्ठी लिहितो आणि सेवक पुस्तक काढून आणतो. ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक नाही, फक्त आपली अडचण ठाऊक आहे, त्याने चिठ्ठीवर लिहायचे तरी काय? कादंबऱ्यांच्या वाचकाला ही अडचण येत नाही, त्याला लेखकाचे नाव माहीत असते. घरगुती प्रश्न घेऊन येणारा वाचक बहुधा पहिल्यांदाच ग्रंथालयात आलेला असतो आणि रिकाम्या हाताने परत गेला तर पुन्हा येत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाने दर्शनी भागात, मुक्तद्वार पद्धतीचे, म्हणजे सभासदाला स्वतः पुस्तके पाहून काढता येतील असे, एक कपाट रोजच्या जगण्यासाठी राखून ठेवावे आणि त्याची सुरुवात या तीन विषयांनी करावी: मनाची विश्रांती, मुलांचे संगोपन आणि कमी पाण्यावरची बाग. वर्गांक बदलण्याची गरज नाही. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी लावून दाखल-नोंदीत तशी खूण केली की पुरते.

अर्थात नुसती पुस्तके एकत्र आणून काम भागणार नाही. ती चाळून घ्यावी लागतील, आणि संगोपनाच्या बाबतीत तर हे फार जपून करायला हवे. जुने पुस्तक म्हणजे चांगले पुस्तक, असा आपल्याकडे एक समज आहे. ललित वाङ्मयात तो चालेल, पण बाळाच्या आहारात चालत नाही. तान्ह्या बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ मधली आहे; त्याआधी चार ते सहा महिने असे सांगितले जाई, त्यामुळे त्या काळातल्या पुस्तकांत चौथ्या महिन्यापासून वरचे अन्न सुरू करण्याचा सल्ला सर्रास आढळतो. अशी पुस्तके आजही आपल्या कपाटांत आहेत आणि ती विश्वासाने वाचली जातात. उलट, आजच्या आईवडिलांचा सर्वांत मोठा प्रश्न, म्हणजे मुलाच्या हातातला मोबाईल, त्या पुस्तकांत असणे शक्यच नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून अधिक बसवू नये, असे त्याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. जुन्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकणे, म्हटले की कार्यकारी मंडळे बिचकतात, लेखापरीक्षणात अडचण येईल असे त्यांना वाटते. निर्लेखन करायचे नसेल तर अशी पुस्तके संदर्भ विभागात हलवावीत, परंतु आईच्या हाती देऊ नयेत.

जुन्यातले जे टिकाऊ आहे ते मात्र पुढे आणायला हवे. बालशिक्षणाचा मराठीतला विचार आपल्या दारातच घडला. ताराबाई मोडक मुंबईत जन्मल्या, गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला, १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि मग अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. मुलाला न मारता, न घाबरवता शिकवता येते, हे त्यांनी साध्या मराठीत आणि अंगणात बसून दाखवून दिले. अंगणवाडी हा शब्दही त्याच कामातून आपल्याला मिळाला. पुण्याहून निघणारे 'पालकनीती' मासिक तीच वाट चालत आले आहे. इंग्रजीतून अनुवादित झालेल्या पालकत्वाच्या पुस्तकांत मुलाला त्याच्या खोलीत शांत बसवायला सांगतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर वाढणाऱ्या मुलाच्या आईने तो सल्ला कसा पाळावा? ताराबाईंचे लिखाण तिला अधिक जवळचे वाटेल, असा माझा अनुभव आहे.

विश्रांतीविषयी थोडक्यात लिहिते. या बाबतीत मुंबईला परंपरा कमी नाही. श्री योगेंद्र यांनी योग इन्स्टिट्यूटची स्थापना १९१८ मध्ये इथेच केली आणि आज ती सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले आणि मरीन ड्राइव्हवर त्याचे केंद्र आहे. शवासन, दीर्घ श्वसन, किंवा अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी सांगितलेली, एकेक स्नायू आधी ताणून मग सैल सोडण्याची पद्धत, या गोष्टी पुस्तकावरून शिकता येण्याजोग्या आहेत. इंग्लंडमध्ये २०१३ पासून अशी एक योजना चालू आहे की मनःस्वास्थ्यावरील निवडक पुस्तकांची यादी तज्ज्ञांकडून तपासून घेतली जाते, डॉक्टर ती पुस्तके रुग्णाला सुचवू शकतात आणि ती सार्वजनिक ग्रंथालयात विनासायास मिळतात. आपल्याकडे प्रत्येक ग्रंथालयाच्या परिसरात एखादे फॅमिली डॉक्टर सभासद असतातच. त्यांच्याकडून २० पुस्तकांची यादी तपासून घेणे काही अवघड नाही. पुस्तक हे उपचाराची जागा घेत नाही, हे त्या कपाटावरच स्पष्ट लिहावे आणि खाली मनःस्वास्थ्यासाठी दूरध्वनीवर सल्ला देणाऱ्या, केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, पण आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांना ती ठाऊक होती.

याच संदर्भात जागेचा मुद्दा येतो. मुंबईतल्या बऱ्याच वाचनालयांचे वाचनकक्ष आता स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाले आहेत. त्या मुलांची गरज खरी आहे, घरात त्यांना पाय पसरायलाही जागा नसते, त्यामुळे त्यांना उठवा असे मी कधीही म्हणणार नाही. तरीही दिवसभर लोकलच्या गर्दीत उभे राहून आलेल्या माणसाला अर्धा तास काहीही न करता बसता येईल अशी एक-दोन खुर्च्यांची खिडकीजवळची जागा राखली, तर ती कोणत्याही पुस्तकाइतकीच उपयोगी ठरेल. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत जो कोणी एकदा बसला आहे, त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आता बागेविषयी. या विषयाला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण इथे योग्य पुस्तकाची उणीव खरोखर आहे. कमी पाण्यावरच्या बागेचा विचार जगात नवा नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्यानेच १९८१ मध्ये त्यासाठी 'झेरिस्केप' हा शब्द घडवला आणि नागरिकांना ते तंत्र शिकवले: आधी आखणी, मग मातीची सुधारणा, स्थानिक हवेला मानवणारी झाडे, हिरवळ लागेल तेवढीच, पाणी मुळाशी आणि मातीवर आच्छादन. ही तत्त्वे कुठेही लागू पडतात. परंतु त्या विषयावरची जी पुस्तके आपल्या ग्रंथालयांत येतात त्यांतली उदाहरणे वर्षभर कोरड्या असणाऱ्या प्रदेशाची असतात. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळपास थेंब नसतो. निवडुंग लावा असे सांगणाऱ्या पुस्तकामागे लागलेल्या वाचकाचे निवडुंग जुलैत कुजतात. आपल्याला पावसात बुडून न मरणारी आणि मे महिन्यात तग धरणारी झाडे हवीत, आणि तीही चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत. पान-ओवा, कोरफड, सदाफुली, कढीपत्ता, पानफुटी, जागा असेल तिथे मोठ्या पिंपात शेवगा, अशी ती यादी होते. ही यादी मी पुस्तकातून नव्हे, आमच्याच सभासदांकडून जमवली.

त्या सभासदांकडून शिकलेल्या आणखी काही गोष्टी सांगते, कारण त्या छापून कपाटात ठेवाव्यात असे मला वाटते. संक्रांतीची सुगडे पूजेनंतर टाकून न देता, त्यांतले रंग न लावलेले सुगड कुंडीतल्या मातीत गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. कच्च्या भाजणीच्या मातीतून पाणी हळूहळू पाझरते, माती कोरडी असेल तेव्हा अधिक आणि ओली असेल तेव्हा कमी, त्यामुळे झाड आपल्या गरजेपुरते पाणी घेते आणि वरून ओतलेल्या पाण्यासारखे ते उन्हाने उडून जात नाही. शेतकरी यालाच मटका सिंचन म्हणतात. झाकणी मात्र विसरू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात ते त्याचसाठी. रसवंतीगृहातून मिळणारी उसाची चिपाडे वाळवून, बारीक करून मातीवर पसरली तर माती दुपारच्या उन्हातही ओलसर राहते आणि पुढे त्यांचेच खत होते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना निःशंक घालावे, मिठाचे घालू नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी अनेक जण हौसेने झाडांना घालतात, पण त्यात क्षार जास्त असतात. ते रोज घातले तर पाने कडेने जळू लागतात, म्हणून ते फरशी पुसायला वापरावे हे बरे. आणि पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसून पाहावे. कुंडीतली बरीच झाडे पाण्यावाचून मरत नाहीत, रोजच्या सवयीने घातलेल्या पाण्याने मरतात.

हे ज्ञान शहरात विखुरलेले आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईतच उसाच्या चिपाडांवर गच्चीवरची शेती करून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडे वाढली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किनारपट्टीच्या हवामानाचा अभ्यास आहे. राणीच्या बागेत महापालिकेच्या उद्यान विभागाचे प्रदर्शन भरते तेव्हा तिथल्या माळ्यांशी दहा मिनिटे बोलले तरी पुष्कळ शिकता येते. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात द्राक्षबागायतदार आपापल्या बागेतले अनुभव एकमेकांना कळवत आणि त्यातूनच शहाणे होत. ग्रंथालयाने हेच करावे. कपाटात एक जाड वही ठेवावी, तीत सभासदांनी कोणते झाड, कोणत्या दिशेच्या गॅलरीत, दिवसाला किती पाण्यावर जगले हे लिहावे आणि वर्षअखेरीस त्यातले निवडक छापून तेच पुस्तक म्हणून दाखल करावे. शेजारी बियांच्या पाकिटांचा एक खण असावा: सभासदाने बी न्यावे, पीक आले की थोडे बी परत आणून द्यावे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक एका खेड्यात उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मेथी, अंबाडी आणि वालाचा एक खण आपण शहरात नक्कीच सांभाळू शकू.

पैशांचा प्रश्न विचारला जाईल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात तमिळनाडूसारखी ग्रंथालय उपकराची तरतूद नाही, त्यामुळे ग्रंथालये शासकीय अनुदान आणि सभासदांच्या वर्गणीवर चालतात, आणि सेवकांचे पगार भागवता भागवता ग्रंथखरेदीला हात आखडता घ्यावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण या कपाटाचा निम्मा ऐवज आधीच आपल्या दालनांत आहे. उरलेल्यासाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेचे ग्रंथसाहाय्य आहे. त्यातून येणाऱ्या पुस्तकांच्या याद्या ठरताना ग्रंथालयांनी या विषयांचा आग्रह धरावा. आमच्याकडे तरी खरेदी मार्चअखेरीस घाईघाईने होई आणि घाईत नेहमी कादंबऱ्या व परीक्षांची मार्गदर्शके येत. तेव्हा यादी दिवाळीपूर्वीच तयार हवी.

आपल्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या ग्रंथालयाच्या सूचनापुस्तकात या कपाटाची मागणी स्वतःच्या अक्षरात नोंदवावी आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला हजर राहून ती बोलून दाखवावी. सभासदाने लेखी मागितलेली गोष्ट मंडळासमोर ठेवणे ग्रंथपालाला सोपे जाते. स्वतःहून सुचवलेल्या गोष्टीसाठी मला दर वेळी तीन-तीन बैठका थांबावे लागले आहे. मुंबईतल्या ज्या ग्रंथालयाला पुस्तकांची निवड करण्यासाठी आणि जुनी चाळून बाजूला काढण्यासाठी मदत हवी असेल, तिथे आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला येऊन बसायला मी तयार आहे. आपल्या कार्यालयाकडे पत्र आल्यास कृपया ते माझ्याकडे पाठवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
मुलुंड (पूर्व), मुंबई